अक्काच्या खिडकीसमोरचं स्टेशन

उदगीरहून हैदराबादला जायला पासपोर्ट लागत नाही आणि परत आल्यावर कोणी ओवाळत नाही. तरी मी आल्यापासून गल्लीतल्या बायका एकेक करून चहाला येतायत आणि विचारतायत, काकू, ती खांबावरून जाणारी रेल्वे खाली कशी पडत न्हाई? मी सगळ्यांना सगळं रंगवून सांगितलं. सांगता सांगता लक्षात आलं, की दर वेळी मी मधला एक तुकडा गाळून पुढं जाते. खरा प्रवास त्या तुकड्यातच आहे. जन्मभर शाळेत पोरांना 'निबंधात खोटं लिहू नका' म्हणत आले, तेव्हा आता माझा निबंध.

मेट्रो बघायची हौस मला होतीच. नातीनं, श्रुतीनं, फोनवर दाखवली तेव्हापासून माझा जीव त्या डब्यांत अडकला होता. पण बॅग भरायला लावली ती अक्कानं. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. हैदराबादच्या सुलतान बाजारात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, ऐंशीला आलीय. तिचा धाकटा लेक पुढच्या महिन्यात तिला कॅनडाला नेणार, कायमची. तिचा फोन आला, "समोर स्टेशन झालंय, एकदा बघून जा." मला भेटून जा, असं ती म्हणाली नाही. पन्नास वर्षं ती माझ्याशी असंच बोलते, जेवलीस का, प्रवास नीट झाला का, एवढंच. तिचं काही चुकत नाही. मला तिला एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती कॅनडाला गेल्यावर सांगायची म्हणजे फारच ओरडावं लागलं असतं.

ती गोष्ट आधी तुम्हालाच सांगते.

आम्हा लिंगायतांच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं. सकाळी तळहातावर घेऊन पूजा करायची आणि परत गळ्यात घालायचं. एरवी ते अंगापासून दूर करायचं नाही. माझी डबी माहेरची होती. लहानपणी भावानं तिच्यावर पेटीचं कुलूप आपटलं होतं, त्यामुळं झाकणाला घेवड्याच्या दाण्याएवढा पोचा होता.

आता ती वीस वर्षांची महानंदा डोळ्यांपुढं आणा. लग्नाला वर्ष झालेलं, वेणी कमरेखाली, अक्कल वेणीच्या टोकाला. अक्काचं दुसरं बाळंतपण हैदराबादलाच झालं, म्हणून मदतीला मला धाडलं. मदत म्हणजे मी दुपटी वाळत घालायची आणि गॅलरीतून बाजार बघायची. खाली एक फोटो स्टुडिओ होता. त्याच्या काचेत एका बाईचा फोटो, हनुवटीखाली बोट, नजर आभाळात. मला वाटलं, देवानं ही पोज माझ्यासाठी काढलीय आणि ही बाई उगाच मध्ये बसलीय. एक दिवस अक्का झोपली असताना मी गेले. रुंद गळ्याचं नवं पोलकं, मागं पडद्यावर रंगवलेला तलाव आणि दोन बदकं. गळ्यातला दोरा मात्र मध्येच डोकावत होता. मी डबी काढली, आरशाखालच्या फळीवर पावडरच्या डब्याशेजारी ठेवली, हनुवटीखाली बोट घेतलं आणि तशीच हवेत तरंगत घरी आले.

कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजेला बसताना. तोवर आमचे हे मला न्यायला आलेले, आणि स्टुडिओ उघडायच्या आत आमची गाडी. मी डोकं दुखतंय म्हणून पूजा टाळली. उदगीरला सासूबाईंनी गळ्याकडं बघितलं आणि विचारलं. तेव्हा ह्या सुंदरीच्या तोंडून निघालं, की अक्कांनी बाळाच्या आंघोळीच्या वेळी डबी काढून ठेवायला लावली आणि कुठं हरवली ते त्यांनाच ठाऊक.

मठातल्या स्वामींनी मला नवं लिंग दिलं. सासूबाईंनी लेकीला पत्र धाडलं, ज्या घरात सुनेचं लिंग हरवलं त्या घरचं पाणी मी पिणार नाही. त्या बारशाला गेल्या नाहीत आणि कोणाला जाऊ दिलं नाही. शिवून ठेवलेलं अंगडं-टोपडं ट्रंकेत राहिलं. माहेरचं एक माणूस नसताना अक्काचं पोर पाळण्यात पडलं. अक्कानं उलट एक ओळ लिहिली नाही.

हे सांगायला मी निघाले होते. बॅगेत धपाटे, शेंगापोळ्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा मोठा डबा.

मियापूर

बिदरवरून येणारी बस शहरात शिरता शिरताच मियापूर लागतं. श्रुती तिथंच राहते, तिथल्याच एका कंपनीत नोकरी करते. बसमधून उतरले आणि मान वर गेली ती खाली येईना. रस्त्याच्या मधोमध खांबांची रांग, प्रत्येकाला वर रुंद खांदे. देवणीचे बैल उभे असतात ना पोळ्याला, वशिंडं ताठ करून, तसे. त्या खांद्यांवरून गाडी आली आणि आमच्या डोक्यावरून गेली. शिट्टी नाही, धूर नाही. खालचा भाजीवाला मान वर न करता भेंडी निवडत बसला होता. मला त्याचा रागच आला.

श्रुती म्हणाली, "आज्जी, आधी घरी चल, हातपाय धू."

मी म्हणाले, हातपाय उद्याही धुता येतील.

मग सरकता जिना. त्यानं माझी पहिली परीक्षा घेतली. माझा एक पाय एका पायरीवर, दुसरा खालच्या पायरीवर, आणि ह्या दोघी एकमेकींपासून लांब निघाल्या. मी श्रुतीची ओढणी धरली, श्रुतीनं पुढच्या माणसाची बॅग धरली, आणि आम्ही तिघं एका कुटुंबासारखे वर पोचलो.

वर तपासणी. सामान एका काळ्या पेटीत घालतात, ते पलीकडून बाहेर येतं. माझी काळजी चटणीची. आतल्या उजेडानं तिची चव बिघडली तर? तेवढ्यात एका पडद्याच्या खोपट्यात मला बोलावलं. आत खाकी कपड्यातली पोरगी, हातात टेनिसच्या बॅटसारखं काहीतरी. माझ्या छातीजवळ ते नेलं आणि ते ओरडलं.

"अम्मा, गले में क्या है? दिखाना पडता."

मी पदराखालून डबी काढून दाखवली. तिनं बघितलं, 'लिंगम' म्हणाली, हात जोडल्यासारखं केलं आणि जा म्हणाली. दोन क्षणांचं काम. पण तो आवाज मला चांगलाच लागला. पन्नास वर्षांत कोणी माझ्या गळ्याशी येऊन असं ओरडून विचारलं नव्हतं, हे कुठलं गं तुझं?

गाडी मात्र काय सांगू. आत गार, लखलखीत, खिडक्या भिंतीएवढ्या. जन्मभर मी घरं दारातून बघितली, इथं पाण्याच्या टाक्यांच्या बाजूनं बघितली. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या, एका आजोबांचा व्यायाम, एक बाई केस पुसता पुसता थेट माझ्या डोळ्यांत बघून आत गेली. एका गोष्टीचं नवल वाटलं. आमच्या उदगीर-बिदर बसमध्ये कमलनगर यायच्या आत शेजारणीला तुमचं गाव, जात, पोरं आणि गुडघ्याचं दुखणं एवढं पाठ होतं. इथं शेकडो माणसं आणि कोणी कोणाचं नाही. मी शेजारच्या मुलीला विचारलं, कहाँ के तुम? तिनं कानातली बोंडं काढली, खम्मम म्हणाली, परत घालायला गेली. मी तिला शेंगापोळी दिली. मग बोंडं हातातच राहिली आणि खम्ममला जावई कसे मिळतात इथपर्यंत आमचं बोलणं पोचलं. तेवढ्यात वरून एक बाई खाणं-पिणं मना आहे असं घोषणेत म्हणाली. श्रुती लाल झाली. मी म्हणाले, तिला काय दिसतंय होय?

रात्री जेवताना मी श्रुतीला सगळं सांगितलं. म्हणजे स्टुडिओ, बदकं आणि खोटं. कोणालातरी सांगून बघायचं होतं. तिनं घास खाली ठेवला. "आज्जी, तू? तू मला पेन्सिल हरवल्याचं खोटं बोलले म्हणून उन्हात उभं केलंवतंस."

म्हटलं, म्हणूनच केलं होतं.

सुलतान बाजार

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी श्रुतीनं मला गाडी बदलून सुलतान बाजारला आणलं आणि अक्काच्या दारात सोडून गेली.

मी त्या जिन्यावरून शेवटची चढले होते तेव्हा समोर नुसतं आभाळ होतं. आता अक्काच्या खिडकीत स्टेशन आहे. खिडकीबाहेर असं नाही म्हणत मी, खिडकीतच आहे. मध्ये खालचा रस्ता, पलीकडं फलाट, तिच्या पलंगाच्या उंचीला. आपण उशीवर डोकं टेकून बघावं तर एखादा माणूस घड्याळाकडं बघताना दिसतो. रूळ टाकताना घराची पुढची गॅलरी कापली गेली. ती गेली तेव्हा अक्का आठ दिवस जेवली नाही म्हणे. पुढं पहिली चाचणीची गाडी गेली आणि तिनं खुर्ची खिडकीशी ओढली, ती आजतागायत तिथंच आहे.

गुडघ्यांमुळं तिचं खाली उतरणं बंदच झालंय. ती मला एकेक माणूस दाखवत होती. "ती बघ, लाल पिशवीची. रोज पळत येती आन् रोज गाडी चुकवती. पुढच्या गाडीत ऐटीत बसती. तो टकला मास्तर, उभ्यानं झोपतो. त्याला परवा एकानं हलवून गाडीत घातला." नावं तिनंच ठेवलीत. एखाद्या दिवशी कोणी दिसलं नाही तर तिला घास जात नाही.

तिनं ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी केली होती. इथं त्याच अंबाडीला गोंगुरा म्हणतात आणि असा तिखटात बुडवतात, की भाजी बिचारी आपलं नाव विसरते. अक्काची मात्र उदगीरचीच, तांदळाच्या कण्या घातलेली. मी दोनदा मागून घेतली. पोट भरलं, मन धीट झालं. म्हटलं आता.

"अक्का, मला तुला एक सांगायचंय."

तिनं हात वर केला. "थांब, गाडी आली."

गाडी आली, थांबली, दारं उघडली, मिटली, गेली. अक्का सगळं बघून माझ्याकडं वळली. "हां, काय म्हणत होतीस?"

तोवर माझा धीर त्याच गाडीनं निघून गेला होता. मी म्हणाले, भाजी चांगली झालीय.

चार वाजेपर्यंत असंच चाललं. मी तोंड उघडायचे आणि खांबावरून गाडी यायची. एकदा तर मी 'त्या वेळी ते लिंग' इथपर्यंत पोचले होते. तिनं हात वर केला, आणि मला वाटलं, गाडीचा आवाज तर अजून मला आला नाही. पण मग आलीच.

संध्याकाळी मी एकटी खाली उतरले. स्टेशनाखालचा तो बाजार तुम्ही बघायलाच पाहिजे. वर गाडी, मध्ये सावली, सावलीत सगळं जग. बांगड्या, परकर, शाळेची पुस्तकं, मोत्याच्या माळा, इस्त्रीवाला. पूर्वी पाऊस आला की दुकानदार ताडपत्री ओढायचे, आता सरकारनंच डोक्यावर छप्पर घातलंय. एका खांबाला तर कोणी हळदकुंकू लावून ठेवलंय. इराणी हॉटेलात चहा प्यायले, उस्मानिया बिस्कीट बुडवलं, आणि ज्याच्याशी बोलले त्यानं माझ्या बोलण्यावरून विचारलं, अम्मा बिदर की क्या? म्हटलं, उदगीर. तो म्हणाला, एकीच बात है. एकच कशी म्हणता, म्हणून मी त्याच्याशी थोडं भांडून घेतलं. बरं वाटलं.

स्टुडिओ शोधला. इमारत अर्ध्यावर कापलेली. जिथं बदकं होती तिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, मी आलो तेव्हा इथं शिंपी होता. मी तिथं उभी राहून हनुवटीखाली बोट घेऊन बघितलं. तो घाबरला असावा, पाणी देऊ का म्हणाला.

रात्री श्रुतीचा फोन. "सांगितलंस का?"

"न्हाई."

"आज्जी, परवा तुझी बस हाय."

"मला ठाऊक हाय. गाड्याच लई येतात इथं."

फलाट

तिसरा दिवस रविवार. श्रुती सकाळीच आली. मी रात्रभर विचार करून ठरवलं होतं, घरात अक्काला खिडकी आहे, तोवर मला जागा नाही. तिला खिडकीपासून तोडायला हवं. म्हटलं, अक्का, आज आपण गाडीत बसू.

ती म्हणाली, मी इथून बघते तेच बरं हाय. माझे गुडघे. लिफ्ट आहे, श्रुती म्हणाली. लिफ्टमध्ये माझं पोट वर येतं. मग रिक्षानं रस्ता ओलांडू. रस्ता तर हा एवढा, त्याला रिक्षा? लोक हसतील.

मग मी शेवटचा डाव टाकला. "इतकी वर्षं तू सगळ्यांना बघतीस. तुझी खिडकी तिकडनं कशी दिसती, ते एकदा तरी बघशील का न्हाई?"

अक्कानं खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाली, "ती हिरवी साडी बाहेर वाळत टाक. मंजे ओळखू येईल."

अशी आमची वरात निघाली. दोन मजले उतरायला अर्धा तास लागला. खालच्या बांगडीवाल्यानं अक्काला बघून स्टूल सोडलं. तो म्हणाला, अम्मा, आप नीचे? अक्का म्हणाली, ऊपर जा रही मैं. लिफ्टमध्ये तिनं डोळे मिटून माझा हात धरला. पन्नास वर्षांत तिनं माझा हात पहिल्यांदा धरला, आणि मी काय विचार करत होते? की आता फलाटावर बाकडं बघायचं, तिला बसवायचं, आणि पहिलं वाक्य काय बोलायचं. 'अक्का, माझं चुकलं' इथून सुरू करावं की 'तुला आठवतं का' इथून? घोकत घोकतच तपासणीपाशी पोचले.

पडद्याच्या खोपट्यात एकेकीलाच सोडतात. अक्काला एकटीला उभं राहता येईना, म्हणून तिथल्या पोरीनं मलाही आत घेतलं. मी माझी डबी आधीच काढून दाखवली, शिकलेली होते ना. मग तिनं ते यंत्र अक्काच्या छातीजवळ नेलं. ते ओरडलं. अक्कानं पदराखालून तिची डबी काढली. मोठी, चौकोनी, झिजून गुळगुळीत झालेली. पोरगी बरं म्हणाली आणि सवयीनं यंत्र परत फिरवलं.

ते पुन्हा ओरडलं.

"और एक है अम्मा. वो भी दिखाओ."

अक्कानं पदर घट्ट धरला. पोरीनं परत सांगितलं. तेव्हा अक्कानं पोलक्याच्या आत हात घातला आणि दुसरा दोरा बाहेर ओढला. दोरा नवाच होता, आणि त्याच्या टोकाला लहान गोल डबी. झाकणावर घेवड्याच्या दाण्याएवढा पोचा.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, ही माझ्यासारखीच डबी अक्काकडं कशी? मग कळलं.

"दो दो?" पोरगी म्हणाली. "ये दुसरा किसका है?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. राग नाही, हसू नाही. वर्गात उत्तर येणाऱ्या पोराकडं मास्तरीण बघते तसं बघितलं. आणि पोरीला म्हणाली, "इसकू पूछो."

मी तीन दिवस एवढी वाक्यं घोकली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही. जे निघालं ते वडिलांच्या तोंडच्या जुन्या दखनी हिंदीत निघालं, त्या अनोळखी पोरीकडं बघून.

"मेरा है. फोटो खिंचाने गई थी मैं. गले से निकालके उधरीच भूल गई. और सास कू झूट बोली, के इन्ने गमाया करके."

पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अक्काकडं. "मिल गया ना अम्मा? अब चलो, पीछे लाइन है."

आम्ही चाललो. दुसरं काय करणार.

फलाटावर बाकडं मिळालं. श्रुतीला काहीतरी झालंय एवढं कळलं, ती शहाणी पोर नकाशा वाचायला लांब जाऊन उभी राहिली. समोर रस्त्यापलीकडं अक्काची खिडकी. हिरवी साडी हलत होती. आत खुर्ची रिकामी.

अक्का खिडकीकडं बघत बघत बोलली. स्टुडिओवाला आठ दिवसांनी आला होता. फोटो न्यायला मी गेले नाही, म्हणून तोच पत्ता शोधत वर चढला. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात धुतलेल्या रुमालात डबी. कोणाला हात लावू दिला नाही म्हणाला. तोवर सासूबाईंचं पत्र येऊन पडलं होतं.

मी विचारलं, मग तेव्हाच आईला का कळवलं नाहीस?

"कळवलं असतं तर तिनं तुला माहेरी धाडली असती. तिला मी ओळखत न्हाई का? बारसं एका दिवसाचं असतं महानंदा."

मी विचारलं, मग मला तरी डबी का दिली नाहीस.

"देणार होते. म्हणलं, ही येईल, अक्का माझं चुकलं म्हणेल, मग देईन. तू आलीस की. लग्नांना आलीस, मयतींना आलीस. जेवलीस, गेलीस."

"आन् इतकी वर्षं गळ्यात घातलीस? देवघरात ठेवायचं."

आता ती माझ्याकडं वळली. "अंगावरचा देव तो. त्याला डब्यात कोंडून ठिवायचं का? तुझ्या अंगावर न्हाई तर माझ्या. कोणाच्या तरी अंगावर पाहिजे की." मग दोरा मानेवरून काढता काढता तिच्या अंबाड्यात अडकला, मी सोडवला. तिनं डबी माझ्या तळहातावर ठेवली. ती गरम होती.

"अक्का," मी म्हणाले, "माझं..."

तिनं हात वर केला. "थांब, गाडी आली."

खरंच आली होती. दारं उघडली, आणि ती ऐंशीच्या घरातली बाई माझ्या खांद्यावर भार टाकून अशी तुरुतुरु आत गेली, की श्रुतीला पळत येऊन दार गाठावं लागलं. आम्ही नदीपर्यंत एकच स्टेशन गेलो, परत आलो, मग अक्का म्हणाली आता उलट्या बाजूला जाऊ, तेव्हा सिकंदराबादपर्यंत जाऊन आलो. ती प्रत्येक घराच्या खिडकीत बघत होती. कोणी बाई खिडकीत बसलेली दिसली की तिला हात करायची. एकीनं केला परत.

उभ्यानं झोपणारा मास्तर रविवारचाही भेटला. जागा होता. अक्कानं त्याला तब्येत विचारली. तो बिचारा अजून विचार करत असेल, ही कोण.

घरी आल्यावर तिनं गादीखालून फोटो काढला. रुंद गळा, हनुवटीखाली बोट, मागं तलाव, दोन बदकं. आणि वीस वर्षांच्या महानंदेचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले. अक्का म्हणाली, "ह्यासाठी एवढं केलंस." मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की समोरच्या फलाटावरची माणसं बघायला लागली.

पुन्हा उदगीर

आता माझ्या गळ्यात दोन आहेत. स्वामींना विचारायचंय काय करायचं ते, पण विचारायचं म्हणजे आधी सगळं सांगावं लागेल. सांगेन. सवय लागलीय.

आल्या दिवशी मी सासूबाईंची ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांच्या वासात तळाशी ते होतं. हिरव्या खणाचं अंगडं, टोपडं, त्याला जरीची किनार, आणि एक लहानसं दुपटं. सासूबाई रागीट होत्या, पण टाकून काही द्यायच्या नाहीत. धुतलं, सावलीत वाळवलं, एक बंद तुटला होता तो लावला. भावकीत सगळ्यांना फोन केले. प्रत्येकाला पहिल्यांदा ते खोटं सांगितलं आणि मग ते खोटं होतं हे सांगितलं. धाकट्या जाऊबाईंनी सगळं दोनदा परत सांगायला लावलं. मग म्हणाल्या, किती वाजता निघायचं?

पुढच्या महिन्यात अक्काला न्यायला तिचा धाकटा लेक येतोय, तोच त्या बारशातला. त्याला अजून पत्ता नाही. पन्नाशीचा गडी, डोक्यावर केस नाहीत, कॅनडात मोठा साहेब आहे म्हणे. आम्ही अकरा जण उदगीरहून निघणार, मियापूरला उतरणार आणि मेट्रोनं सुलतान बाजारला जाणार. बाकीच्यांना सरकता जिना मी शिकवणार आहे. टोपडं त्याच्या डोक्याला बसणार नाही, पण नुसतं वर ठेवायला काय हरकत आहे? पाळणा म्हणायचा आहे. खिडकी उघडी ठेवूनच म्हणू, म्हणजे लाल पिशवीवालीला फलाटावर ऐकू जाईल. मध्ये गाडी आली, तर थांबू.